कुणाचाच सोयरा नसलेला

आमच्या गावच्या जत्रेतला बैलगाड्यांचा घाट मी शाळेत असताना बंद पडला आणि मी कंपनीत कायम झालो तरी बंदच होता. जत्रा व्हायची, देवाला नैवेद्य व्हायचा, तमाशाचा फडही यायचा. नदीकडच्या उतारावरचा घाट मात्र ओस पडलेला असायचा. ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार बैलांची गाडी, पुढे घोडी, गाडीत माणूस नाही आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. एका वेळी एकच गाडी चढावर धावते. त्या धावेला बारी म्हणतात. कुठली गाडी सरस हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ते घड्याळ सांगतं. म्हणून घाटावर बैलवाल्यापेक्षाही घड्याळ धरणारा मोठा.

शेवटच्या वर्षी ते घड्याळ माझ्या वडिलांच्या हातात होतं. निकालाच्या बारीत दोन गाड्या जवळजवळ सारख्या आल्या. एक माझ्या चुलत्याची, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या धाकट्या भावाची. दुसरी माझ्या आईच्या माहेरची, तळेगावकडची. वडिलांनी आईच्या माहेरची गाडी पहिली सांगितली. चुलत्यानं डोक्यावरचा फेटा काढून मातीत आपटला. "सख्ख्या भावाला दुसरा केलास आन् बायकूच्या भावास्नी पहिला," एवढंच तो बोलला.

महिन्याभरात घर वाटलं गेलं. चुलता खालच्या आळीत राहायला गेला, आम्ही वरच्या आळीत राहिलो. भावकीतली माणसं कुणी त्यांच्याकडून बोलू लागली, कुणी आमच्याकडून, आणि दोन भावांचं भांडण दोन आळ्यांचं झालं. भांड्यांची वाटणी करता आली, पण सागवानी पाळणा एकच होता. त्यात मी झोपलो होतो आणि माझ्याच वयाचा माझा चुलतभाऊही झोपला होता. तो पाळणा आमच्याकडे राहिला. चुलतीला ते फार लागलं होतं, असं मला पुष्कळ पुढे कळलं.

वडिलांनी घड्याळात खरं काय पाहिलं ते मला माहीत नाही. ते वारले, पाठोपाठ चुलताही वारला, आणि आम्ही दोघे चुलतभाऊ आपापल्या आळीचे पुढारी झालो. घाट पुन्हा सुरू करायची बोलणी दर वर्षी व्हायची आणि एकाच जागी अडायची. घड्याळ कोण धरणार? चाकणचा माणूस सुचवला तर तो खालच्या आळीचा व्याही निघायचा. माणचा सुचवला तर त्याची बहीण वरच्या आळीत दिलेली असायची. तळेगावचं तर नावच काढायचं नाही. सगळ्या पंचक्रोशीत कुणाचाच सोयरा नाही असा एक माणूस सापडत नव्हता.

दरम्यान जमिनी गेल्या आणि कंपन्या उभ्या राहिल्या. जमीन गेलेल्यांच्या पोरांना कंपनीत घेतलं, त्यात दोन्ही आळ्यांची पोरं होती. मी लेथवर लागलो, चुलतभाऊ माझ्या समोरच्या लाइनीत. आम्ही रोज एकमेकांच्या तोंडासमोर उभे राहायचो आणि वर्षानुवर्षं एक शब्दही बोलायचो नाही. आमच्याबरोबर बाहेरची माणसंही आली. त्यांतली बरीच केरळची होती, पण सोलापूरच्या पलीकडचे सगळे आम्हाला मद्रासीच. पिंपरी स्टेशनाजवळ, आमच्या वेशीला लागूनच, त्यांनी मेस काढली होती.

त्यांच्यातल्याच एका जोडप्याला आम्ही भाड्यानं खोली दिली होती. आमच्या परसात पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या होत्या, त्यांतली एक. नवरा आमच्याच कंपनीत टाइम स्टडीला होता. गळ्यात थांबवता येणारं घड्याळ अडकवून तो कारागिराच्या मागे उभा राहायचा आणि एका जॉबला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यावरून पाळीत किती नग निघाले पाहिजेत ते ठरायचं. अशा माणसाचा कारागिरांना राग येतोच. सगळे त्याला घड्याळवाला म्हणायचे. घरी मात्र तो शांत आणि जरा लाजरा होता. बायको त्याहून लाजरी. तिला मराठी येत नव्हतं आणि आईला तिची भाषा येत नव्हती, तरी दोघी दिवसभर बोलत असायच्या. ती आईला अम्मा म्हणायची. तिला दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा आईलाच कळलं.

आता माझं सांगतो. युनियनच्या निवडणुकीत आमच्या खात्यातून एकच माणूस जाणार होता. चुलतभाऊ उभा राहिला म्हणून मीही उभा राहिलो. गावच्या पोरांची मतं दोन्ही आळ्यांत विभागलेली. ती ओढायची तर समोरच्यापेक्षा गावाचा जास्त कैवारी दिसायला हवं. मग चुलतभावानं त्याच्या लाइनीतल्या पोरांना सांगितलं की घड्याळवाला मागे येऊन उभा राहिला की मशीन बंद करायची. मशीन बंद पडली आणि कँटीनमध्ये चुलतभावाचा जयजयकार झाला. मला झोप लागेना. मी आमच्या आळीकडून ठरवलं की मेसवाल्यांना गावच्या विहिरीचं पाणी द्यायचं नाही. त्यावर खालच्या आळीनं ठरवलं की गावातल्या दुकानांनी त्यांना माल विकायचा नाही. त्या माणसांनी आमचं काय केलं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मला त्यांचा राग नव्हता. राग होता तो माझ्या चुलतभावाचा, आणि त्याला माझा. आम्ही एकमेकांना मारत होतो, पण लागत होतं मधल्यांना.

एका संध्याकाळी कंपनीच्या गेटसमोरच्या हॉटेलात मी चहा पीत बसलो होतो. चुलतभाऊ त्याच्या पोरांना घेऊन शेजारच्या बाकावर येऊन बसला. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड केलं, पण आवाज असा लावला की रस्त्यापलीकडे ऐकू जावा.

"हिर बंद केली म्हनं मद्रास्यास्नी! आन् घड्याळवाला कुनाच्या परसात नांदतोय, राव? घरजावई करून घेतलाय का काय?"

सगळं हॉटेल हसलं. चहा आणणारासुद्धा हसला. मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर जत्रेची बैठक होती. दोन्ही आळ्या जमल्या होत्या, दोन बाजूंना, मधे अंतर ठेवून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जत्रेच्या आत गावात एकबी भायेरचा भाडेकरू ऱ्हानार न्हाई. आन् पयली खोली रिकामी व्हईल ती माझी." आमच्या पोरांनी मला खांद्यावर उचललं. वरून मी फक्त एकच गोष्ट पाहिली. चुलतभावाचं तोंड उतरलं होतं. त्याच्या बाजूचे लोक ओरडले, "आमचीबी रिकामी व्हनार!" आणि त्यालाही मान डोलवावी लागली. मला वाटलं, जिंकलो.

घरी आलो तर आई ओसरीवर बसली होती. माळ्यावरचा सागवानी पाळणा खाली काढला होता. आई त्याच्या पितळी कड्या चिंचेनं घासत होती आणि घड्याळवाल्याची बायको, तिला नीट वाकताही येत नव्हतं, भिंतीला टेकून फडक्यानं दांड्यांना तेल लावत होती. मला पाहून ती उठायला लागली.

"बस गं पोरी," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "हिचं दिवस भरत आल्यात. आई एवढ्या लांबनं यायची न्हाई. म्हटलं, बाळातपान हितंच करू. कसा दिसतुय पाळणा?"

"बरा दिसतोय," मी म्हणालो. दुसरं काही बोलायची हिंमत झाली नाही.

सांगितलं ते सकाळी, घड्याळवाल्याला, कंपनीच्या वाटेवर. तो सायकल हातात धरून चालत होता, मी शेजारून.

"जत्रेच्या आत खोली रिकामी करा."

तो थांबला. "बीवी का आठवां महीना पूरा हो रहा है, भाऊ."

"गावाचा निर्णय आहे."

"गावाचा," तो म्हणाला, "का तुमचा?" हे तो मराठीत बोलला. मराठी तो माझ्या आईकडूनच शिकला होता.

मला राग आला. चूक आपली असली की राग लवकर येतो. मी म्हणालो, "आमच्या घरची भाकरी खाता आणि आमच्याच लाइनीचे नग वाढवता. गेल्या आठवड्यात वाढवलेत ना? वर मला विचारता?"

त्यानं सायकल स्टँडवर लावली. मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगायला लागला. स्टेशनजवळच्या मेसमध्ये त्यांचे दोन तट पडले होते. जुने लोक म्हणत, गावाशी जमवून घेऊ. नवे म्हणत, नमतं घ्यायचं नाही. आम्ही पाणी बंद केलं त्या दिवसापासून नव्यांचा जोर वाढला. हा जुन्यांपैकी, त्यात गावात राहणारा. नव्यांनी त्याला भर मेसमध्ये विचारलं, तू आमचा की त्यांचा? गाववाल्यांनी तुला भाकरीवर विकत घेतलंय. आणि त्यांना दाखवण्यासाठी त्यानं पुढच्याच आठवड्यात आमच्या लाइनीचे नग वाढवले.

"इधर तुम्हारा आदमी बोलता है, दामाद. उधर मेरा आदमी बोलता है, गाववालों का दामाद." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "हमारे में भी दो आळी है, भाऊ."

एवढं बोलून तो सायकलवर बसला आणि निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो. भोंगा झाला तरी उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला पाळीला उशीर झाला.

आईला त्याच दुपारी कळलं. मी पाळी करून परत आलो तेव्हा घड्याळवाल्याची बायको खोलीत ट्रंक भरत होती आणि आई ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरी उतरत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती खालच्या आळीच्या दिशेनं निघाली. वडिलांनी घड्याळ धरलं त्या वर्षापासून ती त्या आळीत गेली नव्हती. ज्या गाडीवरून घर फुटलं ती तिच्या माहेरची, हे ओझं ती इतकी वर्षं मुकाट्यानं वाहत आली होती. मी मारुतीच्या देवळापर्यंत तिच्या मागे गेलो. पुढे जायला माझे पाय वळले नाहीत. खाली काय झालं ते मला नंतर चुलतभावानं सांगितलं.

चुलती दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "थोरल्या बाई, वाट चुकला का?"

"न्हाई. मागाया आले." आई उभीच राहिली. "माझ्या ल्योकानं दिवस भरल्याली पोर भायेर काढलीय. त्यानं गावात शबूद दिलाय, मला ठिवून घेता येत न्हाई. तू ठिवशील का?"

चुलतभाऊ आतून धावत आला. "आई, म्याबी बैठकीत मान डोलावलीया. लोक काय म्हंतील?"

"तू गप," चुलती म्हणाली. तिनं सूप बाजूला सरकवलं. "ठिवते, बाई. वरच्या आळीला जे जमंना ते आमी करतू. सांगा पोरीला, आजच ये म्हणावं."

यात माया किती आणि ईर्ष्या किती, हे चुलतीलाही सांगता आलं नसतं. पण तिन्हीसांजेला घड्याळवाल्याची ट्रंक, स्टोव्ह आणि गादी हातगाडीवरून आमच्या दारासमोरून खाली गेली. आई मागोमाग त्या पोरीचा हात धरून चालत होती. पाळणा आमच्याच ओसरीवर राहिला.

दुसऱ्या दिवसापासून खालची आळी मिरवू लागली. "वरच्यांनी बाळातीन हाकलली, आमी सांबाळली." माझी पोरं मला म्हणाली, "तुझ्या आईनंच तुझं नाक कापलं." आणि तिकडे चुलतभावाच्या मागचे दोघेतिघे कुजबुजायला लागले की हा आईच्या पदराआड लपला, गावाचा शब्द यानंच मोडला, याच्यापेक्षा आम्ही पुढारी बरे. एका संध्याकाळी चुलतीच्या घराच्या कौलांवर दगड पडला. खालच्या खोलीत ती पोर बसली होती. कौलाचा तुकडा तिच्या पायाशी पडला. दगड आमच्या आळीतून आला की त्यांच्याच, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

तो दगड मी मारला नव्हता. पण तो हातात घ्यावासा वाटेल अशी हवा मीच केली होती. हे मी तेव्हाही जाणत होतो.

रविवारी सकाळी मी घाटावर गेलो. चुलतभाऊ तिथं आधीच येऊन बसला होता. का ते त्यानंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उतारावर घाणेरीची झुडपं माजली होती. मी थोड्या अंतरावर बसलो.

"दगड तुमचा का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. तुमचा?"

"काय सांगू लेका. माझाच आसंल." त्यानं एक काटकी मोडली. "पोरगी भेदरलीया. आई म्हंती, तिला काय झालं तर तुझ्या हातचं पानी प्यायची न्हाई."

"माझी आई तर आत्ताच पीत न्हाई."

तो हसला. मीही हसलो. लहानपणी याच उतारावर आम्ही दोघे पत्र्याच्या तुकड्यावर बसून घसरायचो, ते दोघांनाही एकदमच आठवलं असावं.  खाली नदीकाठानं कुणाची तरी बैलजोडी पाण्यावर चालली होती.

"नुसता एक मानूस घावंना घड्याळ धरायला," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "न्हाईतर ह्यो घाट..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी सरकून त्याच्याजवळ गेलो.

"घड्याळवाला कुनाचा सोयरा हाय?" मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुनाचाच न्हाई," तो सावकाश म्हणाला, आणि उठून उभा राहिला. "कुनाचाच न्हाई, गड्या!"

आमच्या गावात घाटावर घड्याळ धरणारा माणूस जत्रेपुरता देवाचा पाहुणा असतो. त्याला फेटा बांधतात, देवळात त्याची पंगत पहिली बसते. ज्याला देवाचा पाहुणा केला त्याला गावातून काढायची भाषा कुणाला करता येत नाही, मग कितीही शब्द दिलेले असोत. आम्हाला दोघांनाही आपला शब्द गिळायचा होता आणि तो गिळायची एवढीच एक वाट होती. राहिला प्रश्न आळ्यांचा. त्याची युक्ती चुलतभावाची. त्याच्या लोकांना त्यानं सांगितलं, "वरच्यांनी त्याला घरातनं हाकलला, तो त्यांच्या बाजूनं घड्याळ दाबंल व्हय?" मी माझ्या लोकांना सांगितलं, "खालच्यांनी मशिनी बंद पाडून त्याची अब्रू घेतली, तो त्यांच्या बाजूनं दाबंल व्हय?" दोन्ही आळ्यांना पटलं. जो माणूस समोरच्यावर चिडलेला आहे तो आपल्याला चालतो, असं दोघांनी ठरवलं, आणि वर्षानुवर्षं न सुटलेलं कोडं एका दिवसात सुटलं.

घड्याळवाल्याकडे आम्ही दोघे मिळून गेलो. तो मारुतीच्या देवळाच्या पारावर बसला होता. सगळं ऐकून तो आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "पहले निकालते हो, फिर फेटा बांधते हो." मी मान खाली घातली. मग त्यानं एकच अट घातली. मेसमधली त्याची माणसं, जुनी आणि नवी दोन्ही, घाटावर उभी राहतील, आणि त्यांना कुणी मागे ढकलणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, "फुडं उभं करतू त्यास्नी, झेंड्याजवळ."

जत्रेच्या सकाळी घाटावर जी गर्दी झाली ती मी पुन्हा कधी पाहिली नाही. चाकण, माण, तळेगाव, नदीपलीकडची गावं, कंपनीतली पोरं, सगळे. घाणेरी तोडून आम्ही दोन्ही आळ्यांनी मिळून उतार नीट केला होता. वर, ज्याच्या इशाऱ्यावर गाडी सुटते त्या झेंड्याजवळ, गुलाबी फेटा बांधलेला घड्याळवाला खुर्चीवर बसला होता. फेटा माझ्या आईनं निवडला होता आणि बांधला होता चुलतभावानं. शेजारी लुंग्या नेसलेली त्याची माणसं. जुनी आणि नवी अजूनही दोन घोळक्यांत उभी होती, पण पहिली गाडी सुटली आणि सगळा घाट "भिर्रर्रर्र" करून ओरडला, तेव्हा तेही ओरडले. पुढच्या बारीला कुठला घोळका जुना आणि कुठला नवा ते कळेनासं झालं होतं.

दुपारी खालच्या आळीची गाडी आली. झेंडा पडायच्या आधीच बैल सुटले आणि वाऱ्यासारखे वर आले. आळी नाचायला लागली. घड्याळवाल्यानं हात वर केला. "नहीं. झंडा बाद में गिरा. फिर से."

 खालच्या आळीतली चारपाच माणसं त्याच्या खुर्चीकडे झेपावली. मी पुढे व्हायच्या आतच चुलतभाऊ त्यांच्या आडवा उभा राहिला होता, घामानं निथळत, हातात बैलाचा कासरा.

"त्यो म्हंतोय परत, तर परत!" तो ओरडला. "आपल्या घरात निजतोय त्यो, तरी म्हंतोय परत! आनखी काय पायजेल तुमास्नी?"

बैल परत खाली नेले. बारी परत झाली.

निकालाच्या बारीला दोनच गाड्या उरल्या, त्यांची आणि आमची. जणू मधली सगळी वर्षं तोच जुना निकाल वाट बघत उभा होता. दोन्ही एकामागोमाग धावल्या. डोळ्यांना फरक दिसला नाही. घड्याळवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग ते माझ्यासमोर धरलं आणि चुलतभावासमोर धरलं. माझ्या वडिलांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. मग तो उभा राहून म्हणाला, "खालची आळी, पहिली."

माझी आळी माझ्याकडे बघत होती. माझ्या एका इशाऱ्यावर काय झालं असतं ते मला माहीत होतं, कारण महिन्याभरापूर्वी तोच इशारा मी देवळासमोर केला होता. मी गुलालाची पाटी उचलली. दोन्ही हात भरून पहिला गुलाल मी घड्याळवाल्याच्या फेट्यावर टाकला, दुसरा चुलतभावाच्या डोक्यावर. तो मला मिठी मारून रडायला लागला. मग वरची आळी हलगीवर नाचली, खालची तर नाचतच होती. हरलेली माणसं इतकी नाचताना मी कधी पाहिली नाहीत. लुंगीवाल्या पोरांनी घड्याळवाल्याला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक देवळाकडे निघाली तेव्हा कोण कुठल्या आळीचं, कोण कुठल्या मेसचं, सगळ्यांची तोंडं गुलालानं सारखीच लाल झाली होती.

त्या गर्दीत मी त्याच्याजवळ सरकलो आणि म्हणालो, "चुकलो मी."

खांद्यावरून तो माझ्याकडे वाकला. "टाइम हो गया भाऊ," तो म्हणाला, "अब खाना खिलाओ."

युनियनच्या निवडणुकीत चुलतभाऊ निवडून आला. मी अर्ज मागे घेतला होता. पहिलंच काम त्यानं केलं ते म्हणजे मला बरोबर घेऊन विहीर आणि दुकानं उघडली आणि घड्याळवाल्याला घेऊन दोन्ही लाइनींची मोजणी नव्यानं करून घेतली. तेव्हा मशीन कुणी बंद केली नाही.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. ते जोडपं आमच्या खोलीत पुन्हा राहायला आलं नाही. चुलतीनं सोडलंच नाही. आईनं ती खोली बरेच दिवस दुसऱ्या कुणालाही दिली नाही. कुलूप घालून ठेवली. त्या कुलपावरून मी रोज जायचो. आज माझी चाळिशी उलटत आली, तिथं दुमजली चाळ उभी आहे, तरी परसात गेलं की मला ते कुलूप दिसतं.

जत्रेनंतर थोड्याच दिवसांत खालच्या आळीत मुलगी झाली. आई आणि चुलती दोघी आत होत्या. बारशाच्या सकाळी चुलतभाऊ आमच्या दारात आला, वाटणी झाल्यानंतर पहिल्यांदाच. आईला म्हणाला, "थोरली आई, पोरीला पाळण्यात घालायचा मान तुमचा हाय, असं आईनं सांगितलंय."  आईनं माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या पाळण्याकडे.

मी पाळणा खांद्यावर घेतला. सागाचं लाकूड, चांगलं जड होतं. आमची आळी ओलांडून, मारुतीच्या देवळावरून, खालच्या आळीत मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाऊल टाकलं. दारादारांत बायका उभ्या होत्या, पोरं मागे धावत होती. कुणीतरी ओरडलं, "वरची आळी आली रं!" आणि सगळे हसले. चुलतीच्या दारात घड्याळवाला नवा सदरा घालून उभा होता. त्याच्यामागे मेसमधले लोक, जुने, नवे, दाटीवाटीनं.

मी पाळणा ओसरीवर टेकवला. चुलतीनं पदर तोंडाला लावला आणि त्याच्या कड्यांवरून हात फिरवला.

चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाळणा आनलास ते झॅक केलंस लेका. पर दोऱ्या कुठं हायेत?"

"दोऱ्या तुमच्या आळीच्या," मी म्हणालो. "समदं आमीच द्यायचं व्हय?"

तो हसत हसत कासरे आणायला गोठ्याकडे पळाला.